तळे तेच, उत्तरे दोन

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात नवेगावबांध नावाचे गाव आहे. डोंगरांमधल्या मोकळ्या जागा बांध घालून अडवल्या आणि तेथे सुमारे ११ चौ. कि. मी. पसरलेले तळे तयार झाले. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधले, असे परंपरा सांगते. १९७५ साली येथील अरण्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१३ साली ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सामील झाले. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके या तळ्यावर उतरतात. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) वनाधिकारी म्हणून येथे राहिले आणि त्यांनी येथील पाखरांकडे व माणसांकडे बारकाईने पाहिले, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

आता अशी कल्पना करा, की गावातील शाळेच्या काही विद्यार्थ्यांनी एक प्रकल्प हाती घेतला. दर महिन्याला ठरलेल्या ठिकाणांवरून पाणपक्षी मोजायचे आणि त्याच महिन्यात तळ्याचे पाणी किती चौरस किलोमीटरवर पसरले आहे तेही काढायचे. पाणी आटत गेले की पक्षी वाढतात की कमी होतात? कोणते पक्षी उथळ पाणी पसंत करतात? प्रश्न साधा आहे, पण त्यासाठी दोन जातींची कामे संगणकाला सांगावी लागतात. पक्ष्यांची संख्या म्हणजे आकड्यांचा तक्ता. तळ्याचा काठ म्हणजे नकाशा. त्यात प्रत्येक बिंदूला अक्षांश आणि रेखांश असतात.

ही दोन्ही कामे पायथन या संगणकभाषेत करता येतात. नेदरलँडमधील गिडो व्हान रॉसम यांनी ती तयार केली आणि १९९१ साली ती लोकांपुढे आली. (तिचे नाव अजगरावरून नव्हे, एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून ठेवले आहे!) पायथन स्वतः फारसे काही करीत नाही. तिच्या जोडीला आयत्या आज्ञावलींचे संच घ्यावे लागतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. तक्त्यांसाठी पांडाज ही लायब्ररी आहे. वेस मॅकिनी यांनी तिचे काम २००८ साली सुरू केले. तिच्या पोटात आकडेमोडीसाठी नमपाय असते. नकाशांसाठी जिओपांडाज असते. जिओपांडाजचा तक्ता म्हणजे पांडाजचाच तक्ता, फक्त त्यात एक स्तंभ जास्त. त्या स्तंभात आकड्याऐवजी आकृती, म्हणजे आपल्या तळ्याचा काठ, साठवलेला असतो. म्हणूनच या लायब्ररी वेगवेगळ्या ठेवून चालत नाही. त्यांना एकत्र नांदावे लागते, आणि सारी अडचण तेथेच सुरू होते.

उत्तर ध्रुवाजवळचे नवेगाव

पुढील प्रसंग कल्पित आहे, पण त्यातील बिघाड अगदी खरा आहे.

तळ्याचे क्षेत्रफळ काढणारी एक आज्ञावली विद्यार्थ्यांनी २०१८ सालच्या एका जुन्या पाठावरून उतरवून घेतली. शाळेतील जुन्या संगणकावर ती चालवली. उत्तर आले सुमारे ११ चौ. कि. मी. एका मुलीने तीच आज्ञावली, एक अक्षरही न बदलता, घरच्या नव्या संगणकावर चालवली. उत्तर आले सुमारे २ चौ. कि. मी.!

संगणकाने कोठेही चूक झाल्याचे सांगितले नाही. ज्याच्यापुढे हा दुसराच आकडा ठेवला असेल त्याला काय वाटेल? तळे आटले, गाळाने भरले, नाहीतर कोणी बुजवले. या तळ्याच्या पाण्यावर भातशेती अवलंबून आहे आणि पाखरेही. असा आकडा वर्तमानपत्रात गेला तर गावात केवढा गोंधळ उडेल! उलटही घडू शकते. पुढे कधी तळे खरोखरच आटू लागले, तर "मागेही तुमचा आकडा चुकला होता" म्हणून कोणी लक्ष देणार नाही.

मग चुकले काय? नवेगावबांध साधारण २०.९ अंश उत्तर अक्षांशावर आणि ८०.१ अंश पूर्व रेखांशावर आहे. बिंदूचे स्थान सांगताना भूगोलाच्या पुस्तकात आपण आधी अक्षांश व मग रेखांश लिहितो. आलेख काढताना मात्र आधी आडवे अंतर आणि मग उभे अंतर, म्हणजे आधी रेखांश व मग अक्षांश. नकाशांच्या जगात हे दोन्ही प्रघात शेजारी शेजारी चालत आले. जिओपांडाजच्या खाली जीडॅल आणि प्रोज नावाच्या दोन जुन्या, भरवशाच्या लायब्ररी काम करतात. प्रोजचा आरंभ १९८० च्या दशकात जेराल्ड एव्हेन्डेन यांनी अमेरिकेच्या भूगर्भीय सर्वेक्षण खात्यात केला. जीडॅलचे काम फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ साली सुरू केले. गोल पृथ्वीवरचे बिंदू सपाट कागदावर कसे आणायचे हे प्रोज जाणते, तर नाना प्रकारच्या नकाशा-फाइली वाचण्याचे काम जीडॅल करते. २०१९ साली प्रोजची सहावी आणि जीडॅलची तिसरी आवृत्ती आली. त्या आवृत्त्यांपासून, अंशांतील नेहमीच्या पद्धतीसाठी, अधिकृत यादीत जो क्रम दिला आहे तोच पाळला जाऊ लागला. तो क्रम आहे आधी अक्षांश, मग रेखांश.

जुनी आज्ञावली जीडॅलला थेट "८०.१, २०.९" असे सांगत होती. जुन्या जीडॅलने त्याचा अर्थ रेखांश ८०.१, अक्षांश २०.९ असा घेतला आणि तळे गोंदिया जिल्ह्यात राहिले. नव्या जीडॅलने तेच आकडे अक्षांश ८०.१, रेखांश २०.९ असे वाचले. ॲटलास उघडून ही जागा शोधा. ती नॉर्वेच्याही उत्तरेला, आर्क्टिक महासागरातील स्वालबार्ड द्वीपसमूहात येते! नवेगावचे तळे पांढऱ्या अस्वलांच्या मुलखात जाऊन पोहोचले.

आता ११ चे २ कसे झाले ते गणिताने पाहू. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना जवळजवळ येत जातात. नवेगावच्या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०४ कि. मी., तर ८० अंशांवर तोच एक अंश सुमारे १९ कि. मी. भरतो. अक्षांशाचा एक अंश मात्र दोन्हीकडे जवळपास १११ कि. मी. राहतो. तेव्हा अंशांमध्ये मोजलेली तीच आकृती तेथे साडेपाच पटींनी आक्रसते. ११ ला साडेपाचने भागा, उत्तर २. क्षेत्रफळ काढण्याचे सूत्र बरोबर, संगणकाचा भागाकार बरोबर, काठाचे बिंदूही बरोबर. बदलली होती ती फक्त खालची लायब्ररी.

संगणक गप्प का बसला? कारण अक्षांश ९० पर्यंत असू शकतो आणि ८०.१ हा आकडा त्या मर्यादेत बसतो. महाराष्ट्राचे रेखांश सुमारे ७२.६ ते ८०.९ अंश आहेत. म्हणजे आपल्या राज्यातील कोणतेही गाव घेतले तरी ही अदलाबदल गुपचूप पचून जाते. (जिओपांडाज मधल्या मध्ये ही काळजी स्वतः घेते, हे सांगितले पाहिजे. पण प्रोज किंवा जीडॅलशी थेट बोलणाऱ्या आज्ञावलीत "माझा क्रम आधी रेखांश असा आहे" हे आपणच स्पष्ट लिहावे लागते.)

एका संगणकात अनेक बांध्या

यावर कोणी म्हणेल, मग सगळीकडे नवी आवृत्तीच घाला आणि आज्ञावली दुरुस्त करा. दुरुस्ती करावीच. पण त्याच संगणकावर दुसरे एखादे काम जुन्या आवृत्तीवर नीट चाललेले असते. नवी घातली की ते मोडते. येथे नवेगावच्या परिसरातलीच एक युक्ती उपयोगी पडते.

पूर्व विदर्भात भाताच्या शेतात धुरे घालून लहान लहान तुकडे पाडतात. अशा तुकड्याला बांधी म्हणतात. एका बांधीत कोवळे पऱ्हे असतात. त्यांना थोडेच पाणी हवे. शेजारच्या बांधीत रोवणी होऊन महिना झालेला असतो. तिला जास्त पाणी हवे. तळे एकच, पाटही एकच, पण मध्ये धुरा असल्यामुळे प्रत्येकीला हवे तेवढे पाणी ठेवता येते. धुरा फुटला की पऱ्हे बुडतात.

पायथनच्या जगात अशा बांधीला एन्व्हायर्नमेंट म्हणतात. निसर्गातील पर्यावरणाशी तिचा संबंध नाही. एन्व्हायर्नमेंट म्हणजे संगणकावरचा एक स्वतंत्र फोल्डर. त्यात एका कामापुरती पायथन आणि त्या कामाला लागणाऱ्या लायब्ररी, ठरावीक आवृत्तींच्या, ठेवलेल्या असतात. ते काम करताना ती बांधी "चालू" करायची. शेजारच्या बांधीत काय भरले आहे याच्याशी मग तिचा संबंध उरत नाही.

पायथनबरोबर २०१२ सालापासून व्हेन्व्ह नावाचे साधन येते. ते अशा बांध्या पाडून देते आणि पिप नावाचा हरकाम्या तिच्यात लायब्ररी आणून टाकतो. निव्वळ तक्त्यांचे काम असेल तर एवढे पुरे. नकाशे आले की मात्र अडचण होते. जीडॅल, प्रोज आणि आकृत्यांची भूमिती करणारी जिऑस या मुळात पायथनच्या लायब्ररी नव्हेतच. त्या सी आणि सी-प्लस-प्लस या भाषांत लिहिलेल्या आहेत. पिपने नकाशांच्या लायब्ररी आणल्या तर बहुधा प्रत्येक जण आपापली जीडॅल किंवा प्रोज पदरात बांधून येते. एकाच घरात तीन पाहुणे आले आणि तिघांनीही स्वतःचा स्टोव्ह बरोबर आणला, असा तो प्रकार. पुष्कळदा निभावते. पण एकीची प्रोज एका आवृत्तीची आणि दुसरीची भलत्याच आवृत्तीची निघाली की भांडण सुरू होते.

कोंडा हे साधन, तेही २०१२ चे, या खालच्या थरातील लायब्ररीही स्वतःच सांभाळते. ते बांधीत एकच जीडॅल आणि एकच प्रोज ठेवते आणि सगळ्यांना तीच वापरायला लावते. कोंडा-फोर्ज नावाचे कोठार २०१५ पासून स्वयंसेवक चालवतात. तेथे हजारो लायब्ररी परस्परांशी जुळतील अशा रीतीने तयार करून ठेवलेल्या असतात. तक्ते आणि नकाशे एकत्र हवे असतील तर माझे मत सरळ आहे: कोंडा घ्या आणि सगळा माल या एकाच कोठारातून आणा. दोन कोठारांतला माल मिसळला की आटे जुळत नाहीत.

आटे म्हणजे काय

अर्ध्या इंचाच्या नळावर पाऊण इंचाची तोटी बसत नाही. दोन्ही चांगल्या असतात, पण आटे जुळत नाहीत. नमपायचेही असेच आहे. वेग यावा म्हणून तिचा आतला भाग सी भाषेत लिहून आधीच यंत्रभाषेत उतरवून ठेवलेला असतो. पांडाजसारख्या लायब्ररी त्या भागाला थेट जोडलेल्या असतात. स्मरणात कोणता आकडा कोठे असेल, याचा दोघींमध्ये ठराव असतो. ते झाले आटे. जून २०२४ मध्ये नमपायची दुसरी मोठी आवृत्ती आली आणि हे आटे बदलले. जुन्या नमपायला धरून बनवलेल्या लायब्ररी नवीवर चालेनाशा झाल्या. पांडाजच्या बाबतीत २.२.२ या आवृत्तीपासून दोघींचे पुन्हा जुळले. काल चाललेली आज्ञावली, मध्ये कोणी सहज एखादी नवी लायब्ररी टाकली आणि तिने आपल्याबरोबर नवी नमपाय ओढून आणली, म्हणून आज बंद, असे त्या वर्षी अनेकांच्या वाट्याला आले. यात एक बरे होते: संगणक निदान ओरडत तरी होता. स्वालबार्डसारखा गप्प बसला नाही.

मग जुळणाऱ्या आवृत्ती शोधायच्या कशा? तुम्ही वर्गात संचांचा छेद शिकला आहात, त्याचाच येथे उपयोग होतो. समजा, लायब्ररी 'क' ला नमपाय १.२२ ते १.२६ पर्यंतची कोणतीही चालते, आणि 'ख' ला १.२५ पासून २.१ पर्यंतची. दोन्ही संचांचा छेद घेतला तर १.२५ व १.२६ उरतात, त्यातील कोणतीही घ्या. आता 'ग' आली आणि म्हणाली, मला २.० किंवा पुढचीच हवी. छेद रिकामा झाला! मग 'क' ची एखादी नवी आवृत्ती २.० चालवून घेते का, हे पाहावे लागते. आणि ती नवी 'क' पायथनची कोणती आवृत्ती मागते, हेही. खऱ्या कामात अशा शंभर-दीडशे लायब्ररी एकमेकींना अटी घालत असतात. कोंडा हे कोडे आपल्यासाठी सोडवते.

हे समजले की एक महत्त्वाचा नियम आपोआप सुचतो. लायब्ररी एकेक करून टाकू नयेत; सगळ्यांची नावे एकदम सांगावीत. एकेक करून टाकल्या तर प्रत्येक वेळी संगणक आधी केलेल्या जुळणीत ढवळाढवळ करतो. एकदम सांगितल्या तर सगळ्या अटी समोर ठेवून एकदाच छेद काढतो. पिपनेच मिळणारी एखादी लायब्ररी हवी असेल तर ती सर्वांत शेवटी, कारण कोंडाने केलेल्या जुळणीची पिपला पुरती कल्पना नसते.

प्रत्यक्ष कृती

मिनीफोर्ज नावाचा कोंडाचा छोटा संच बसवा. तो मुळातच कोंडा-फोर्ज या कोठाराशी जोडलेला असतो. बसवल्यावर 'बेस' नावाची एक बांधी आयती मिळते. तिच्यात काहीही पेरू नका! ती कोंडाची स्वतःची जागा आहे. ती बिघडली तर कोंडाच बिघडते. 'कोंडा क्रिएट' या आज्ञेने 'तलाव' नावाची नवी एन्व्हायर्नमेंट करा आणि त्याच ओळीत पायथन, पांडाज, जिओपांडाज, उपग्रहचित्रांसाठी रास्टरिओ आणि आलेखांसाठी मॅटप्लॉटलिब अशी सगळी नावे द्या. (संगणकावर ही नावे अर्थात रोमन लिपीत टंकायची.) मग 'कोंडा ॲक्टिव्हेट तलाव' असे सांगितले की बांधी चालू झाली.

सगळे मिळून बराच माल उतरून येतो. तेव्हा गावात इंटरनेट मंद असेल तर हे काम रात्री लावून द्यावे. दुसरी बांधी केली तर मात्र तेवढीच जागा पुन्हा लागेल असे नाही. तोच माल असेल तर कोंडा त्याची नक्कल करण्याऐवजी शक्य तेथे पहिल्याच प्रतीशी दुवा जोडते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. 'कोंडा एन्व्ह एक्स्पोर्ट' या आज्ञेने या बांधीत कोणती लायब्ररी कोणत्या आवृत्तीची आहे याची यादी एका फाइलीत उतरवता येते. ती फाइल आज्ञावलीच्या शेजारीच ठेवा आणि पक्ष्यांच्या नोंदवहीत तिची तारीख लिहा. पक्षी मोजताना आपण तारीख, वेळ, दुर्बीण कोणती हे लिहितो ना? लायब्ररीची आवृत्ती हीही एक दुर्बीणच आहे. त्या फाइलीवरून दुसऱ्या संगणकावर तीच बांधी पुन्हा उभी करता येते. पूर्ण यादी मात्र विंडोजवरून लिनक्सवर जशीच्या तशी बसत नाही. म्हणून आपण स्वतः मागितलेल्या पाच-सहा नावांची, आवृत्तींसह, एक छोटी यादीही वेगळी ठेवावी. त्या मुलीकडे शाळेतील संगणकाची अशी यादी असती तर ११ आणि २ यांचे कोडे पाच मिनिटांत उलगडले असते.

एक फसवा बिघाड सांगून ठेवतो. कधी कधी सगळे नीट बसवूनही प्रोज म्हणते, "माझी माहितीची फाइल सापडत नाही." या फाइलीत जगभरच्या नकाशापद्धतींची नोंद असते. पुष्कळदा फाइल जागेवरच असते. पण संगणकावर पूर्वी बसवलेल्या दुसऱ्याच एखाद्या नकाशा-सॉफ्टवेअरने "प्रोजची फाइल इकडे आहे" अशी पाटी साऱ्या संगणकासाठी लावून ठेवलेली असते, आणि आपली प्रोज त्या पाटीमागे जाऊन जुनीच फाइल उघडते. येथे धुरा बाहेरून फोडला गेला आहे. ती पाटी काढली की काम होते. सारे पुन्हा बसवत बसण्याची गरज नसते.

उत्तर तपासायचे कसे

दुसऱ्या वाटेने तेच उत्तर येते का ते पाहावे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे २०१५ पासून फुकट मिळतात. त्यांच्या काही रंगपट्ट्यांत एका ठिपक्याची बाजू १० मीटर, म्हणजे ठिपका १०० चौ. मी. चा असतो. पाणी हिरवा प्रकाश थोडाफार परतवते, पण अवरक्त प्रकाश जवळजवळ गिळून टाकते. दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज केली की पाण्याचे ठिपके वेगळे ओळखू येतात. ११ चौ. कि. मी. साठी असे सुमारे १,१०,००० ठिपके मोजले गेले पाहिजेत. वीस हजार आले तर तळे खरोखर आटले आहे. लाखाच्या वर आले आणि काठावरून काढलेले उत्तर २ असेल, तर तळ्याऐवजी आपली बांधी तपासायला हवी.

प्रत्येक चुकीचे खापर मात्र एन्व्हायर्नमेंटवर फोडू नका. उत्तर ०.०००९६ आले तर ते चौरस अंशांत आहे. सपाट नकाशावर न आणताच क्षेत्रफळ मागितले, ही आपली चूक. उत्तर १२.६ आले तर इंटरनेटवरील नकाशांसाठी वापरतात ती मर्केटर पद्धत घेतली गेली; नवेगावच्या अक्षांशावर ती क्षेत्रफळ सुमारे साडेचौदा टक्क्यांनी फुगवते. नवेगावसाठी यूटीएमचा ४४ वा पट्टा घ्यावा. त्यात चूक एक दशांश टक्क्याहूनही कमी राहते.

करून पहा

पूर्व विदर्भात कोहळी व इतर शेतकऱ्यांनी बांधलेले असे हजारो तलाव आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली तेव्हापासून लोक त्यांना माजी मालगुजारी, थोडक्यात 'मामा' तलाव म्हणतात. तुमच्या गावाजवळ तसा तलाव किंवा साधी बोडी असेल तर तिच्या काठाचे आठ-दहा बिंदू नकाशावरून टिपा आणि 'तलाव' बांधीत क्षेत्रफळ काढा. मग मुद्दाम अक्षांश व रेखांश यांची अदलाबदल करा आणि ते पाणी पृथ्वीवर कोठे जाऊन पडते ते ॲटलासमध्ये पाहा.

दोन प्रश्न वाचकांसाठी. मुंबई १९.१ अंश उत्तर, ७२.९ अंश पूर्व येथे आहे. आकड्यांची अदलाबदल झाली तर ती जमिनीवर पडेल की समुद्रात? आणि गुवाहाटी ९१.७ अंश पूर्व रेखांशावर आहे. तेथील विद्यार्थ्याने हीच चूक केली, तर ती नवेगावच्या मुलांच्या चुकीसारखी लपून का राहणार नाही?